हात कामात, कळ पायात



गळीत हंगाम संपला, मिलचे रोलर बाहेर निघाले, की आमच्या वर्कशॉपात बाहेरच्या माणसांची ये-जा वाढते. कुणी पंपाचा इंपेलर घेऊन येतो, कुणी ट्रॉलीचा वाकलेला हूक. अशाच एका दुपारी आपले एक ऊसउत्पादक सभासद कापडी पिशवी काखेत धरून दारात उभे राहिले.

"मिस्त्री, एक गंमत दावायची हाय. पन हसू नगा."

पिशवीतून निघाली नारळाची करवंटी. तिच्यावर बैलाचं तोंड कोरलेलं. शिंगांची वळणं, झुलीची नक्षी, इतकंच काय, वेसणीची गाठसुद्धा दिसत होती. आम्हाला हसू कुठलं येणार? कारण करवंटी पुढं करणारा हात आम्ही ओळखत होतो. डाव्या हाताची चार बोटं कडबाकुट्टीत गेलेली. उरला आहे तो अंगठा आणि पंजाचा थोडा भाग. गेली काही वर्षं हा माणूस लोकांसमोर डावा हात खिशातच ठेवतो. त्या दिवशी मात्र तो बाहेर होता.

करवंटीच्या मागोमाग पिशवीतून एक छोटं यंत्र निघालं. मुठीत मावेल एवढं, पुढं बारीक बिट बसवायची सोय. इंग्रजीत याला रोटरी टूल म्हणतात, आपल्याकडं कुणी मिनी ग्राइंडर म्हणतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या रेसीन गावी अल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ साली कंपनी काढली आणि तिथून हे यंत्र छंदवाल्यांच्या घरोघरी गेलं. आता बऱ्याच कंपन्यांची, कमी-जास्त किमतीची यंत्रं बाजारात मिळतात. कोरणे, घासणे, कापणे, भोक पाडणे, पॉलिश करणे ही सगळी कामं एकच यंत्र करतं, फक्त बिट बदलायची.

"मग अडचण काय?" आम्ही विचारलं.

"अडचन म्हंजी ह्यो," असं म्हणून त्यांनी मागं उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडं बोट केलं. पोरगं दहा-अकरा वर्षांचं. "ह्योच माजा स्विच हाय."

पोरगं झालं स्विच

गोष्ट अशी होती. यंत्राची कळ यंत्राच्याच अंगावर. उजव्या हातात यंत्र, डाव्या कोपराखाली करवंटी दाबून धरलेली. आता कळ दाबायला तिसरा हात कुठून आणायचा? दोन धड हात असलेला माणूस एका हातानं कळ सरकवतो. यांना ते जमत नव्हतं. चालू यंत्र टेबलावर ठेवलं तर ते खेकड्यासारखं चालत सुटतं. म्हणून त्यांनी तोडगा काढला, की यंत्र कायम चालूवर ठेवायचं आणि भिंतीवरच्या बटणापाशी पोराला बसवायचं. बापानं "हं" म्हटलं की चालू, "ऱ्हा" म्हटलं की बंद.

पोरगं शाळेतून आलं की दप्तर टाकून बटणापाशी बसायचं. करवंटीची धूळ नाकातोंडात जायची. बापाचं लक्ष कोरण्यात आणि पोराचं लक्ष गल्लीतल्या क्रिकेटमध्ये. एकदा "ऱ्हा" म्हटलेलं ऐकू आलं नाही आणि बिट उजव्या अंगठ्याच्या नखावरून गेली. जखम किरकोळ होती, पण घरात भांडण मोठं झालं. उरला हातही घालवायचा आहे का, हा घरच्या बाईंचा सवाल. त्याला उत्तर नव्हतं.

"सोडून द्यावं म्हनतो," ते म्हणाले. "पन रातीला झोप लागत न्हाई वो. ह्ये करताना हात हाय असं वाटतंय."

ते ऐकल्यावर आम्ही ते यंत्र ठेवून घेतलं.

वेग किती, ते आधी पाहा

आपल्या मिलचा रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतो. आपल्या विहिरीवरची नेहमीची मोटर १४४० किंवा २८८० फेऱ्यांच्या आसपास. पन्नास सायकलच्या विजेवर साध्या इंडक्शन मोटरला ३,००० फेऱ्यांची मर्यादा ओलांडता येत नाही. मग हे मुठीएवढं यंत्र ३०,००० फेरे कसे घेतं? कारण यात युनिव्हर्सल मोटर असते. कार्बन ब्रश आणि कम्युटेटर असलेली, मिक्सरमध्ये असते त्याच जातीची. तिचा वेग विजेच्या सायकलला बांधलेला नसतो.

आता हिशेब करा. २४ मिलिमीटर व्यासाची कापायची चकती, परीघ सुमारे साडेसात सेंटिमीटर. मिनिटाला ३०,००० फेरे म्हणजे तिची कड सेकंदाला ३७ मीटरपेक्षा जास्त पळते. ताशी १३५ किलोमीटर! हायवेवरची मोटार इतक्या वेगानं अंगावर आली तर आपण बाजूला उडी मारतो. इथं तोच वेग नाकापासून वीतभर अंतरावर असतो. यंत्र लहान म्हणून त्याला खेळणं समजू नये.

पायाचं काम जुनंच

हात गुंतलेले असताना पायाला कामाला लावायचं, ही युक्ती काही नवी नाही. विणकर मागावर बसतो तेव्हा हात धोट्याकडं आणि पाय पावड्यांवर. शिंपी पायमशिनीवर दोन्ही हातांनी कापड सारतो. दातांच्या डॉक्टरांचं फिरतं यंत्रसुद्धा आधी पायानंच चालायचं. अमेरिकेतल्या जेम्स मॉरिसन यांनी १८७१ साली पायानं चालवायच्या डेंटल इंजिनचं पेटंट घेतलं. आजही दवाखान्यात दाढ कोरताना डॉक्टरांचा पाय कशावर आहे ते खाली वाकून पाहा. सोनाराकडं छताला टांगलेली मोटर, तिच्यातून निघालेली लवचिक शाफ्ट आणि खाली पेडल, हेही आपण पाहिलेलं असतं.

मुंबईच्या लोकलचं आणखी एक उदाहरण घ्या. मोटरमनला गाडी चालू असताना हँडल दाबून धरावं लागतं. त्याला भोवळ आली, हात सुटला, की ब्रेक लागतात. याला डेड मॅन हँडल म्हणतात. नाव अभद्र, पण त्यानं जीव वाचतात. माणूस बेसावध झाला की यंत्र आपोआप थांबलं पाहिजे, हे त्यातलं सूत्र. पायाची कळ बसवताना हेच सूत्र धरायचं असतं. आम्ही मात्र पहिल्या खेपेला तेच विसरलो.

आमची चूक

घाईत आम्ही वर्कशॉपात पडलेला एक पायाचा स्विच जोडला. एकदा दाबला की चालू, पुन्हा दाबला की बंद, अशा जातीचा. जोडून झाल्यावर त्यांना म्हटलं, "बघा चालवून."

त्यांनी करवंटीला चकती लावली. दोन मिनिटं झकास चाललं. मग चकती खाचेत आवळली, यंत्रानं उसळी घेतली आणि हातातून सुटलं. कुणीही करील तेच त्यांनी केलं. दचकून पाय उचलला. पण पाय उचलून हा स्विच बंद होतच नव्हता! यंत्र टेबलावर गिरक्या घेत सुटलं. आम्ही धावून प्लग उपटेपर्यंत आमच्या बाहीचा टवका उडाला आणि मनगटावर ओरखडा आला. निभावलं तेवढ्यावर. इतक्या वर्षांच्या नोकरीत आम्ही कितीतरी जणांना सुरक्षेचे धडे दिले, आणि त्या दिवशी धडा आम्हालाच मिळाला.

म्हणून पहिला नियम: पायाचा स्विच दाबून धरेपर्यंतच चालू राहणारा हवा. पाय काढला की बंद. दुकानात मागताना "मोमेंटरी" म्हणून मागावा, आणि घेताना दाबून-सोडून खात्री करावी. वर पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं टोपण असलेला मिळाला तर उत्तम, म्हणजे वरून पक्कड पडली किंवा मांजर जाऊन बसलं तरी यंत्र सुरू व्हायचं नाही.

जोडणी कशी केली

यंत्राची वायर आम्ही कापली नाही. ती कापली की कंपनीची हमी जाते आणि आतली बंदिस्त इन्सुलेशनची रचनाही बिघडते. त्याऐवजी एक वेगळी जोडपेटी केली. पेटीवर एक सॉकेट, एक मुख्य स्विच आणि एक फ्यूज. भिंतीतून तीन पिनी प्लगनं वीज पेटीत येते. फेज वायर आधी मुख्य स्विचमधून, मग फ्यूजमधून, मग पायाच्या स्विचमधून फिरून सॉकेटला जाते. न्यूट्रल आणि अर्थिंग सरळ सॉकेटला. पायाचा स्विच धातूच्या अंगाचा असेल तर त्याच्या अंगालाही अर्थिंग द्यायचं. यंत्राचा प्लग या पेटीत लावायचा, झालं.

यात दोन गोष्टींवर आमचा कटाक्ष आहे. एक, स्विच फेजवरच हवा. न्यूट्रलवर पडला तर यंत्र थांबलेलं दिसेल, पण आत करंट जिवंत राहील. पेटीला दोन पिनी प्लग लावला तर तो उलटा-सुलटा कसाही बसतो आणि हा घोटाळा होतो. शिवाय घरातल्या सॉकेटमध्येच फेज-न्यूट्रल उलटे असतील तर आपली मेहनत वाया, म्हणून सॉकेट आधी टेस्टरनं तपासून घ्यावं. दोन, ही पेटी जिथं लावणार त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. पाय जमिनीवर असतो, आणि आपल्या घरातली जमीन सारवलेली, धुतलेली, ओलसर असते. रबरी चटई खाली टाकावीच.

स्विचच्या क्षमतेची चिंता फार नाही. १३० वॅटचं यंत्र २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरपेक्षा थोडाच जास्त करंट घेतं. तरी मोटर सुरू होताना क्षणभर जास्त ओढते आणि बंद होताना ठिणगी पडते, त्यामुळं दहा अँपिअरचा स्विच घ्यावा. हे काम जाणत्या वायरमनकडून करून घ्यावं. वाचून समजलं म्हणजे हाताला आलं असं नसतं.

वेग पायानं बदलावा का?

आमच्या एका तरुण सहकाऱ्यानं सुचवलं, शिवणयंत्राच्या मोटरचं पेडल लावू, म्हणजे वेगही पायानं कमी-जास्त होईल. कल्पना चांगली. पण इथं यंत्राची जात पाहावी लागते.

एकाच वेगाचं साधं यंत्र असेल तर वेगाचं पेडल चालतं, मात्र पेडलवर लिहिलेली अँपिअर किंवा वॅटची क्षमता यंत्राला पुरणारी पाहिजे. जुन्या पेडलमध्ये कार्बनच्या चकत्यांची चवड असते. दाबली की विरोध कमी होऊन मोटर जोरात पळते, पण उरलेली वीज पेडलमध्येच उष्णता होऊन जाते. पेडल तापतं. नव्या पेडलमध्ये इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असतो, ते कमी तापतं.

पण यंत्राच्या अंगावरच वेगाचं चाक असेल, तर आत आधीच इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बसवलेला आहे. त्याच्या आधी दुसरा कंट्रोल लावला की दोघं एकमेकांशी भांडतात. एका बैलजोडीला दोन गाडीवान! मोटर आचके देते आणि आतलं सर्किट जळायची भीती असते. अशा यंत्राला पायाशी फक्त चालू-बंद ठेवावं आणि वेग त्याच्या चाकावर लावावा. आपल्या सभासदांचं यंत्र याच जातीचं होतं, म्हणून पेडलचा विचार आम्ही सोडला.

आणखी दोन-तीन गोष्टी. काही यंत्रांत वीज गेली आणि परत आली तरी बटण दाबल्याशिवाय ती सुरू होत नाहीत. त्यांना बाहेरचा पायाचा स्विच उपयोगी नाही. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला ही पेटी लावता येत नाही, कारण तिथं वीज बॅटरीतून येते, भिंतीतून नाही. आणि कोणतीही युनिव्हर्सल मोटर फार हळू, फार वेळ चालवू नये. तिचा थंडावा देणारा पंखा तिच्याच दांड्यावर असतो. वेग मंदावला की वारा मंदावतो आणि मोटर आतून भाजते.

वहिनींची विळी

पायाची कळ बसवायला आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो. कळ चालली. पोराला बटणापासून सुटी मिळाली. पण अर्धंच काम झालं होतं. करवंटी अजूनही डाव्या कोपराखालून निसटत होती. कोपर जोरात दाबलं की खांदा भरून यायचा. आम्ही शिकंजा लावून पाहिला, पण गोल करवंटी दर मिनिटाला फिरवावी लागते आणि प्रत्येक वेळी शिकंजा उघडायला पुन्हा हात लागतो.

वहिनी शेजारी बसून वांगी चिरत होत्या. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "भाऊजी, इळी कुठं हालती? भाजीच येती की इळीकडं."

आम्ही एकमेकांकडं बघतच राहिलो. बरोबर! विळीचं पान जागेवर उभं, पाट पायाखाली दाबलेला आणि हात भाजी धरायला मोकळे. आम्ही उगाच यंत्र हातात धरण्याचा हट्ट धरून बसलो होतो. यंत्र जागेवर बांधावं आणि उजव्या हातानं करवंटी यंत्राकडं न्यावी, की डाव्या हाताचं काम नुसतं आधार देण्याचं उरतं.

दुसऱ्या दिवशी सागवानी ठोकळ्यात अर्धगोल खाच कोरली, आत सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं आणि यंत्र दोन क्लिपांनी बसवलं. क्लिपा बेतानंच आवळल्या, कारण यंत्राचं अंग प्लॅस्टिकचं असतं, जास्त आवळलं तर तडकतं. वारा आत-बाहेर जायच्या फटी मोकळ्या ठेवल्या. बिटच्या वर पारदर्शक, न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटची पट्टी आडवी लावली. पेटीवरचा मुख्य स्विच उजव्या कोपराशी येईल असा ठेवला. पायाची कळ पाटाला स्क्रूनं पक्की केली, म्हणजे ती सरकत नाही आणि टाच जमिनीवर टेकलेली राहते.

करवंटी बिटच्या फिरण्याच्या उलट दिशेनं सारावी. त्याच दिशेनं सारली तर बिट वस्तूवर चढते आणि ती ओढून नेते.

पायाला विसरू नका

सगळं झालं असं वाटत असतानाच एक गोष्ट घडता घडता राहिली. बिट बदलायला त्यांनी करवंटी खाली ठेवली, पाना घेतला, कॉलेट सैल करायला वाकले. वाकताना भार पायावर गेला. पाय कुठं होता? कळीवरच! नशीब, आम्ही पेटीचा मुख्य स्विच बंद केला होता. नाहीतर पाना आणि उरलेली बोटं, दोन्ही फिरली असती.

हात मोकळे करणारी कळ पायाला कामाला लावते, आणि पाय कामावर आहे हे डोकं विसरतं. म्हणून आम्ही त्यांच्या टेबलासमोर खडूनं लिहून ठेवलं आहे, ते इथंही देतो:

१. बिट बदलताना प्लग काढायचा. नुसता पाय उचलून भागत नाही.
२. कळ दाबण्याआधी वस्तू नीट धरायची. यंत्र एकदम पूर्ण वेगानं सुटतं.
३. पाय काढल्यावरही बिट काही क्षण फिरत राहते. आवाज पूर्ण थांबेपर्यंत हात पुढं न्यायचा नाही.
४. गळ्यात उपरणं, गमछा, सैल बाही नको. फिरत्या बिटजवळ सुती हातमोजेही नकोत, धागा अडकला की हात ओढला जातो.
५. डोळ्यांना गॉगल आणि नाकाला चांगला मास्क. करवंटीची धूळ बारीक असते, दगडाची तर फुप्फुसाला घातकच.
६. बिटवर लिहिलेल्या कमाल वेगापेक्षा यंत्राचा वेग जास्त नको.
७. पोरं आसपास नकोत.

शेवटी एक विनंती

ही हकिकत लिहिण्याचं कारण एकट्या करवंटीचं नाही. मळणीयंत्रांनी शेतकऱ्यांचे हात तोडल्याच्या घटना इतक्या झाल्या, की १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. तरी आजही गावोगाव कडबाकुट्टीचं झाकण काढून, ते मध्ये येतं म्हणून, कोपऱ्यात टाकलेलं दिसतं. आमच्या सभासदांनीही तेच केलं होतं. एका हौशी यंत्राला पायाची कळ लावताना आम्ही जेवढा विचार केला, त्याच्या अर्धा विचार प्रत्येकानं आपल्या कडबाकुट्टीसाठी करावा. झाकण परत बसवावं. चारा हातानं ढकलायचा नाही, काठीनं ढकलायचा. बंद करायची कळ चारा घालणाऱ्याच्या हाताशी ठेवावी, दुसऱ्या भिंतीवर नको.

परवा बेंदराच्या आधी आम्ही वस्तीवर चक्कर टाकली. टेबलावर करवंट्यांची रांग होती आणि मधोमध लाकडाची एक बैलजोडी. खडूनं लिहिलेलं अजून पुसलेलं नव्हतं. पोरगं पलीकडच्या सोप्यात वही उघडून बसलं होतं.

"मिस्त्री, आता येक नवाच वांदा झालाय," ते हसत म्हणाले. "हाक मारली तर ह्यो येतच न्हाई. म्हंतोय, मी आता स्विच न्हाई."